होडीबुडव्यांचं माहेर

लंकाबाईंनी परातीतल्या पिठात दुधाची धार धरली आणि हात न थांबवता सांगून टाकलं, की बोटीवर काय मिळायचं ते मिळो, दशम्या आपल्याबरोबर असणार. बोटीवर दिवसातून पाच वेळा जेवायला घालतात, हे त्यांच्या मुलाने, ज्ञानेशने, घसा कोरडा होईपर्यंत सांगून झालं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच, की पाच वेळा घालणारा एकदाही पोटभर घालत नाही.

उद्या पहाटे मखमलाबादच्या या मळ्यातूनच बस निघायची होती. फूलबाजारात आणि मंडईत माल नेणारे बागाईतदार, त्यांचे सोयरे, शेजारी अशी बसभर माणसं मुंबईला जाऊन गोव्याच्या क्रूझवर चढणार होती. तीन वर्षं नुसत्याच गप्पा चालल्या होत्या. कधी गुलाबाचे भाव पडले, कधी कुणाच्या घरी लग्न निघालं. यंदा, दोन हजार सातच्या जानेवारीत, एकदाचं घोडं गंगेत न्हालं होतं. म्हणून दुपारपासून मळ्यावर ही गर्दी. घरात मनीषा, म्हणजे लंकाबाईंची लेक, सगळ्यांच्या बॅगांवर नावाच्या चिठ्ठ्या डकवत होती. पडवीत चूल पेटली होती आणि बाजेवर बसून भारत पहिली उतरेल ती दशमी खायला टपला होता.

भारत चांदवडचा, लंकाबाईंच्या नणंदेचा मुलगा. कांद्याच्या व्यापारात बोलून बोलून माल विकायची सवय लागलेली, त्यामुळे त्याची जीभ कायम उचलून टाळ्याला लावलेली असायची. दशमी अजून तव्यावर होती तोवर त्याने सुरुवात केलीच.

"मामी, कप्तानाला आधी कळवलंय का? होडीबुडवे येतायत म्हणून."

पडवीत हशा पिकला. लंकाबाईही हसल्या, पण हसता हसता त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्या विहीणबाईंकडे, सिंधुबाईंकडे, पाहिलं.

नाशिकहून गोदावरी खाली वाहत जाते तिथे उजव्या काठाला ओळीने पाच गावं आहेत. त्या पाची गावांच्या माणसांना सगळा तालुका होडीबुडवे म्हणतो. का म्हणतो, यावर तालुक्याचं एकमत नाही, पण म्हणण्यावर आहे. लंकाबाईंचं माहेर करंजघाट, पाचांतलं मधलं. त्या लग्न होऊन मखमलाबादला आल्या त्या दिवसापासून हे नाव त्यांच्या पाठीला चिकटलं होतं. सासूने म्हटलं, नणंदांनी म्हटलं, पुढे मंडईतल्या हमालांनीही म्हटलं. त्यांनी प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर दिलं आणि रात्री निवांत झोपल्या. त्यांच्या स्वभावात सल धरून बसणं नव्हतंच.

या एका वर्षात मात्र एक सल बसला होता. गेल्या साली मनीषाचं लग्न घोटीच्या दीपकशी झालं. सिंधुबाई ही दीपकची आई. साठीची, सडपातळ, बोलायला कमी, वागायला सरळ. मनीषाला त्यांनी कधी वावगा शब्द लावला नव्हता. पण होडीबुडवे हा शब्द निघाला, की त्या उठून जायच्या. हळदीला असंच झालं, दिवाळीला असंच झालं. चारचौघं हसतात त्याचं लंकाबाईंना काही नव्हतं. विहीणबाई हसत नाहीत, हे त्यांना लागलं होतं. हसण्यावारी न्यायचं नाही इतका कमीपणा या बाईला आपल्या माहेरात दिसतो की काय? उद्यापासून तीन रात्री दोघींना बोटीवर एकाच खोलीत काढायच्या होत्या. तेव्हा लंकाबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, की बोटीवर पाय ठेवण्याआधी विहीणबाईंच्या समोर या नावाचा निकाल लावायचा. ज्या होडीवरून हे नाव पडलं, तिचा करता-धरता त्यांचा बाप होता. बापाच्या नावावरचा डाग लेकीच्या सासूच्या नजरेत राहू द्यायचा नव्हता.

"तुला माहीत तरी आहे का ते नाव कशावरून पडलं?" त्यांनी भारतला विचारलं.

भारतला तेवढंच हवं होतं. त्याने सांगितलं ते चांदवडकडे सगळेच सांगतात. एक वऱ्हाड होडीतून निघालं. नवरदेवाचा मामा म्हणाला, मी पुढे बसणार, मान माझा. मग आत्याचे यजमान म्हणाले, पुढचा मान माझा. मग थोरला मेव्हणा उठला. एकेक करून सगळं वऱ्हाड मानासाठी होडीच्या पुढच्या टोकाला गोळा झालं आणि होडीने नाक खाली घातलं. कमरेएवढ्या पाण्यात सगळे उभे राहिले, पण एकही जण मागे सरकला नाही. हे सांगताना भारतने उठून बाजेच्या कडेवर सगळ्यांची सोंगं करून दाखवली. त्याला गोष्ट सांगता येत होती, हे लंकाबाईंनाही नाकारता आलं नाही.

पुंजाराम, म्हणजे लंकाबाईंचे यजमान, खांबाला टेकून सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान हलवली. त्यांच्या ऐकण्यात वेगळंच होतं. इंग्रजांच्या वेळी साहेबाचा मुक्काम नदीपलीकडे पडला, की शिपाई येऊन काठच्या मळ्यांतून फुकट भाजी उचलून न्यायचे. एकदा माळ्यांनी रातोरात होडी बुडवली आणि सकाळी शिपायाला हात जोडून सांगितलं, काय करावं, होडी बुडाली हो. साहेब आठवडाभर डाळभातावर राहिला. पुंजारामांना ही हकिगत आवडायची, कारण तिच्यात आपली माणसं शहाणी ठरायची. बायकोच्या माहेराला त्यांनी आयुष्यभर असं जमेल तेवढं सांभाळून घेतलं होतं.

लंकाबाईंनी दशमी उलथली, कडेने तूप सोडलं आणि मग दोन्ही गोष्टी एका फटक्यात मोडीत काढल्या. वऱ्हाड बुडालं असतं तर कुठल्या गावचं ते कुणीतरी सांगितलं असतं. साहेबाला होडी हवी असती तर त्याने दुसरी आणवली असती.

"ऐका आता. मी त्या होडीत वाढलेय. पुस्तकातलं नाय सांगत."

आणि त्यांनी सांगितलं. होडी पाची गावच्या माळ्यांची, भाजीच्या पाट्या पलीकडे न्यायला. होळी झाली की गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी उतरायचं. माणसं गुडघाभर पाण्यातून ये-जा करायची. मग होडीला काम नाही. ती तशीच काठावर ठेवली, तर उन्हाने फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि पावसाळ्यात पाण्यात टाकल्यावर चाळणी होते. म्हणून होळीनंतर होडी डोहावर न्यायची, दगड भरायचे आणि तळाला बसवायची. लाकूड पाण्यात जगतं. मृग लागला, की नारळ फोडून दगड काढायचे, होडी वर घ्यायची. पण होडी काढायच्या आधी मृग आणि नारळ हवाच, मग आभाळ कितीही भरून येवो. वाटेने जाणारे येणारे बघायचे, चांगली धडधाकट होडी ही माणसं आपल्या हाताने बुडवतात. अडाणी लोकांना त्यातलं कळलं नाही, म्हणून हसले. ते हसणं पुढे नाव झालं.

"म्हणजे जे शहाणपण व्हतं, त्याला वेडेपणा म्हटलं," त्या शेवटी म्हणाल्या. "नाव ठेवणाऱ्याची अक्कल तेवढी. आन् माझा बाप तर पाची गावांत पुढं. बाकीचे मृगाची वाट बघा म्हणायचे, तो आखाजीलाच होडी काढून तयार ठेवायचा."

भारतने दशमी खाली ठेवून चक्क हात जोडले. त्याला पटलं होतं, आणि पटलं की मान्य करायचा दिलदारपणा त्याच्यात होता. पुंजारामांनी मात्र अडकित्ता थांबवून विचारलं, की फळ्या उन्हाने तडकू नयेत म्हणून बुडवायची, तर ऐन वैशाखाच्या उन्हात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, बाहेर काढून ठेवायचं कारण काय. महिनाभर तर ती तडकणारच. आपला बाप असं करायचा एवढंच लंकाबाईंना ठाऊक होतं, का करायचा ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"त्याला कळत व्हतं," त्या म्हणाल्या आणि तो मुद्दा तिथेच संपवला.

बाकी सगळा निकाल त्यांच्या बाजूने लागला होता. शेजारणींनी माना डोलावल्या. दारात येऊन ऐकत उभी राहिलेली मनीषा आईकडे बघून हसली. लंकाबाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी पुढचा उंडा मोठा घेतला. मग त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. सिंधुबाईंची जागा रिकामी होती.

आता मात्र त्यांना राग आला. एवढं उलगडून सांगितल्यावरही उठून जायचं म्हणजे काय? तवा शेजारणीच्या हवाली करून त्या तशाच पिठाच्या हातांनी उठल्या आणि गुलाबाच्या वाफ्यांच्या कडेने विहिरीकडे निघाल्या. सिंधुबाई विहिरीजवळच्या हौदाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता आणि त्या नुसत्या समोरच्या वाफ्यांकडे बघत होत्या.

"विहीणबाई, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा," लंकाबाई म्हणाल्या. "दरवेळी उठून जाता, ते बरं दिसत नाय. माझ्या बापाचं नाव हाय त्यात."

सिंधुबाईंनी त्यांना बसायला जागा केली. लंकाबाई बसल्या नाहीत.

"तुम्ही सांगितलं ते सारं खरं हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "होडी, दगड, मृग, समदं. पन ते नाव वाटसरांनी नाय ठेवलं. ते माझ्या बापानं ठेवलं."

लंकाबाईंना आधी कळलंच नाही. सिंधुबाईंचं माहेर सिन्नरचं, हे लग्न ठरवताना सांगितलं गेलं होतं आणि त्यात काही लपवलेलं नव्हतं. सिन्नर त्यांच्या मामाचं गाव. मामाने वाढवलं, मामाने लग्न करून दिलं, म्हणून तेच माहेर. पण जन्म निंबारीचा, आणि निंबारी म्हणजे करंजघाटच्या अगदी समोर, नदीच्या त्या काठाला. त्या काठावरून हाक मारली तर या काठावर ऐकू येते.

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढला नाही, की पडला नाही. त्या पाच-सहा वर्षांच्या असतील. वैशाख होता. आई दोन दिवस अडली होती, सुईणीने हात टेकले होते. दवाखान्याला नेणारा रस्ता करंजघाटच्या काठाने, म्हणून बापाने तिला बैलगाडीत घालून नदीवर आणलं. आदल्या रात्री वर त्र्यंबकच्या डोंगरात अवकाळी पाऊस कोसळला होता. काल गुडघाभर असलेली गंगा दोन्ही काठांना लागून चालली होती. आणि होडी डोहाच्या तळाशी, दगडांखाली. मृगाला अजून अवकाश होता.

"बापानं आधी हाका मारल्या," सिंधुबाई म्हणाल्या. "मंग शिव्या दिल्या. मंग घसा बसला, तरी तेवढंच एक म्हणत राह्यला. होडीबुडवे, होडीबुडवे. निंबारीचं समदं गाव काठावर व्हतं. तवापासून पडलं ते."

लंकाबाई कट्ट्यावर बसल्या. मघाशी पडवीत आपण काय काय बोललो ते त्यांना आठवत गेलं. दगड कसे भरायचे ते त्यांनी हातवारे करून सांगितलं होतं. नाव ठेवणाऱ्याची अक्कल तेवढी, असंही म्हणाल्या होत्या. जमिनीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. आई वाचली का, हे विचारायची गरज नव्हती. मामाने वाढवलं हे त्या वर्षभर ऐकत आल्या होत्या.

"तुमी वाईट वाटून घेऊ नका. अजून सांगायचं ऱ्हायलंय," सिंधुबाई म्हणाल्या. "मला बाया म्हणल्या, गाडीकडं बघू नको, तिकडं तोंड करून बस. म्हनून मी दिवसभर समोर बघत बसले. समोर तुमचा बाप व्हता."

त्या काठावर एक माणूस डोहात बुडी मारत होता. वर यायचा तेव्हा त्याच्या हातात दगड असायचा. दगड काठावर टाकायचा, एकदा या बाजूला बघायचा आणि पुन्हा खाली जायचा. पाणी गढूळ, ओढ अशी की काठावरचे ओरडून त्याला परत बोलवत होते. दोनदा लोकांनी त्याला धरून बाहेर ओढलं आणि दोनदा तो हात सोडवून घेऊन पुन्हा पाण्यात गेला. निंबारीच्या काठावर सगळ्यांचं लक्ष गाडीकडे होतं, नाहीतर शिव्या देणाऱ्या बापाकडे. त्या माणसाला पाहिलं ते एका पोरीने. होडीचं टोक पाण्यावर दिसायला लागलं, तेव्हा दिवस कलला होता आणि गाडीत रडारड सुरू झाली होती.

पुढच्या वर्षी मामा त्यांना सिन्नरला न्यायला आला, तेव्हा उन्हाळाच होता. नुकतीच आखाजी झाली होती. नदीत पायी जाता येईल इतकंच पाणी, तरी डोहाच्या बाजूने होडी तयार उभी होती आणि तोच माणूस तिच्यात बसून होता. मामाने नावाने हाक मारल्यावर त्याने दोघांना पलीकडे सोडलं. काठ आल्यावर पोरीला उचलून घेतलं आणि कोरड्या जागेपर्यंत नेऊन उतरवलं.

लंकाबाईंचा बाप पुढे पुष्कळ वर्षं जगला. नातवंडं मांडीवर घेतली, पूल झाल्यावर होडीचं लाकूड स्वतःच्या हाताने मोडलं. यातलं एक अक्षर त्याने घरात काढलं नव्हतं. डाग पुसायला म्हणून त्या उठल्या होत्या; डाग होता तो खराच होता, आणि तरी बापाचा एवढा अभिमान त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता. दोन्ही एकदमच वाटत होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पदर लावायला हात पिठाचे होते, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

"एवढं ठाऊक असून तुम्ही मनीषाला करून घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"दीपकचे वडील फोटो दाखवत व्हते," सिंधुबाई म्हणाल्या. "मी इचारलं, पोरीचं आजोळ कुठलं. ते करंजघाट म्हणाले, आन् आजाचं नाव सांगितलं. मंग मी फोटो बघितलाच नाय. करा म्हणले."

वाफ्यांवरून गार वारा आला. पडवीत कुणीतरी दशमी करपली म्हणून ओरडत होतं.

"फक्त एक हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "त्या नावाला लोक हसले, की मला तिथं बसवत नाय. बाप लय रडला व्हता."

तेवढ्यात भारत वाफ्यांच्या कडेने डुलत आला. बोटीवर पहिल्या संध्याकाळी प्रत्येक गटाने स्टेजवर येऊन आपल्या भागाची ओळख करून द्यायची असते, हे त्याला ज्ञानेशकडून आत्ताच कळलं होतं. तो मामीची हकिगत सांगणार होता. माईक हातात घेऊन, दगडांसकट. सगळ्या बोटीला एकदा कळू दे म्हणाला, होडीबुडवे म्हणजे कोण ते. आपल्याला ती पटली आहे आणि इथून पुढे चांदवडमध्येही आपण तीच चालवणार, असंही त्याने मोठ्या मनाने जाहीर केलं.

चाळीस वर्षं लंकाबाईंना जे हवं होतं ते समोर उभं होतं. बापाचं शहाणपण सगळ्यांसमोर, माईकवरून. त्यांनी नाक वर ओढलं.

"नको," त्या म्हणाल्या. "सांगायचंच असलं तर वऱ्हाडाची गोष्ट सांग. पन नाव घेऊ नको, ना गावाचं ना माणसांचं. नुसतं एक वऱ्हाड व्हतं म्हन."

"अहो मामी, ती तर थाप आहे."

"म्हनून तर. थापेला हसलं तर कुणाला लागत नाय."

भारत दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मामीचे डोळे लाल होते आणि विहीणबाई जमिनीकडे बघत होत्या. चेष्टेखोर असला तरी माणूस ओळखणारा होता. बरं म्हणाला आणि आल्या वाटेने परत गेला.

लंकाबाईंच्या हातांवरचं पीठ एव्हाना सुकून त्याची पापडी धरली होती. त्या उठून हौदाकडे वळल्या, तर सिंधुबाई तांब्या उचलून उभ्या राहिल्या होत्या. लंकाबाईंनी हात चटकन मागे घेतले. मुलीच्या आईने विहिणीच्या हातावर पाणी घालायचं, पाय धुवायचे, ताट उचलायचं. मुलाच्या आईने मुलीच्या आईच्या हातावर पाणी घातलेलं त्यांच्यात कुणी ऐकलं नव्हतं. कुणी बघितलं तर मनीषालाच बोल लागेल, असं त्या म्हणाल्याही.

सिंधुबाई तांब्या तिरपा धरून तशाच उभ्या राहिल्या. पाण्याची पहिली धार जमिनीवर पडली, आणि मग लंकाबाईंनी हात पुढे केले.